बॅकअप घेतला. सही.

मंडळी, बऱ्याच दिवसांत इकडे काही लिहिलं नाही. गुडघ्याचं दुखणं हे एक कारण आणि आळस हे दुसरं. पण मध्यंतरी एक गोष्ट अशी घडली की लिहून टाकल्याशिवाय चैन पडेना. विषय जरा रुक्ष वाटेल. संगणकाच्या जुन्या बॅकअप टेपा! आजीला हे काय सुचलं, असं नातवंडं म्हणतीलच. पण शेवटपर्यंत वाचा. त्यात एका बाईचे साडेसातशे रुपये आहेत आणि माझ्या तीनशे सह्या आहेत.

तर झालं असं. शाळेत नोकरीला असताना मी सहा वर्षं आमच्या कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेची मानद सचिव होते. संस्थेचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं चांगली होती, आणि जी चूक झाली तिच्यात माझा वाटा मोठा होता. १९९६ साली पतसंस्थेत संगणक आला. त्याआधी सगळा कारभार कीर्द, खतावणी, पावती पुस्तक आणि सभासदाचं पासबुक यांवर चाले. संगणक आला तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. सी-डॅकचं जिस्ट कार्ड बसवून त्यात मराठी नावं दिसू लागली, तेव्हा मुख्याध्यापकांसकट सगळे ती बघायला जमले होते.

संगणक बसवणाऱ्या माणसाने एक गोष्ट बजावली होती. दर शनिवारी टेपवर बॅकअप घ्यायचा आणि महिन्याअखेरची एक टेप संस्थेच्या बाहेर, कोणाच्या तरी घरी ठेवायची. आग लागली, चोरी झाली तरी हिशेब वाचला पाहिजे. सल्ला अगदी योग्य. त्या डॅट टेपा गाण्याच्या कॅसेटपेक्षाही लहान, तळहातात मावतील एवढ्या. आम्ही एक वही केली. दिनांक, टेप क्रमांक, शेरा, सही. लेखनिक शेऱ्यात लिहायचे, "बॅकअप घेतला", आणि सोमवारी मी सही करायची. सहा वर्षांत तीनशेच्या आसपास सह्या झाल्या असतील. त्यातली एकही टेप परत वाचून बघितली का, असं मी एकदाही विचारलं नाही. बॅकअप घेतल्यावर तो तपासायची सोय त्या प्रोग्राममध्ये होती, पण तिला तेवढाच वेळ आणखी लागायचा. शनिवारी अर्धा दिवस, सगळ्यांना घरी जायची घाई. ती सोय बंद करून टाकलेली होती, हे मला नंतर कळलं.

खंडेनवमीला मात्र आम्ही संगणकाला हार घालायचो आणि टेप घालायच्या फटीच्या वर हळदकुंकू वाहायचो. आता आठवलं की हसू येतं. ती कुंकवाची बारीक पूड आत कुठे कुठे गेली असेल कोण जाणे!

जून २००२. पहिल्याच पावसात वीज कडाडली आणि संगणक बसला. हार्डडिस्क गेली आणि टेप वाचायचा ड्राइव्हही गेला. आम्ही निश्चिंत होतो, कारण कपाटात टेपा होत्या. ओळखीने दुसऱ्या एका कचेरीतून ड्राइव्ह आणला. पहिली टेप घातली, वाचली जाईना. दुसरी घातली, तीच गत. मग मी घरच्या पाच टेपा नेऊन दिल्या. त्याही तशाच. लेखनिकांनी एका चिठ्ठीवर "रिकाम्या" असं लिहून, रबरबँड लावून माझ्या टेपा परत केल्या. मी त्या माळ्यावर टाकल्या.

मार्च २००१ अखेरचा तपासलेला हिशेब कागदावर छापलेला होता. पुढच्या चौदा-पंधरा महिन्यांचा सगळा हिशेब पावत्यांच्या स्थळप्रतींवरून पुन्हा उभा करायचा होता. शाळा सुटल्यावर आम्ही सात-आठ जण बसायचो. दिवाळीपर्यंत ते काम चाललं. दोन पावती पुस्तकं वाळवीने खाल्लेली निघाली. ती नोव्हेंबर २००१ ते जानेवारी २००२ या काळातली होती. बँकेत भरलेल्या रकमेच्या स्लिपांवरून एकूण किती पैसे आले ते कळत होतं, पण कोणाचे किती ते कळेना. बहुतेकांच्या पासबुकात नोंदी होत्या, ते प्रश्न सुटले. उरलेली थोडी रक्कम संशयित खात्यात टाकली.

आमच्या शाळेत एक मावशी होत्या. यजमान शाळेत शिपाई होते, ते अचानक गेले आणि त्यांच्या जागी मावशी अनुकंपावर लागल्या. मुलीच्या लग्नासाठी महिना अडीचशे रुपयांची आवर्त ठेव त्या भरायच्या. त्या म्हणाल्या, "बाई, माझे तीन हप्ते लिहायचे राहिलेत." पासबुक भरून घ्यायला त्यांना वेळ झाला नव्हता. पावत्या पत्र्याच्या डब्यात होत्या, छत गळून त्यांचा लगदा झाला होता. संचालक मंडळापुढे विषय गेला. कागद नाही तर नोंद नाही, असं ठरलं. नियमाने ते बरोबरच होतं. मलाही तेव्हा दुसरं काही सुचलं नाही, मीही हात वर केला.

मला फार वाईट वाटलं. मी साडेसातशे रुपये पाकिटात घालून त्यांच्या हातात द्यायला गेले. त्यांनी पाकीट उघडलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "बाई, तुमचे पैसे नको. मी भरलेत, ते लिहा." मी खोटं बोलते असं शाळेत सगळ्यांना वाटेल, ही त्यांची खंत होती. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

यानंतर वीसहून जास्त वर्षं गेली. दरम्यान आमच्या औरंगाबादचं नावही बदललं, २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झालं. माझा पुतण्या पुण्याला संगणकाच्याच क्षेत्रात आहे. मध्यंतरी तो आला होता आणि माळा आवरून देत होता. त्याला तो पाच टेपांचा जुडगा सापडला. चिठ्ठी वाचून तो म्हणाला, "काकू, रिकाम्या आहेत हे कोणी ठरवलं?"

मी सगळी हकिगत सांगितली. तो म्हणाला, "तुम्हाला त्या वाचता आल्या नाहीत, एवढंच सिद्ध झालं. रिकाम्या आहेत असं कुठे सिद्ध झालं?"

मी आयुष्यभर मुलांना शिकवलं की उत्तर येत नाही म्हणजे उत्तर शून्य नव्हे. तीच चूक आम्ही करून बसलो होतो.

त्याने समजावून सांगितलं ते असं. डॅट टेपवर मजकूर सरळ ओळीत लिहिला जात नाही. आत एक फिरता दंडगोल असतो, त्यावरची हेडं टेपवर तिरप्या रेघा ओढत जातात. टेपला वाट दाखवणारे छोटे खुंट केसभर जरी सरकले, तरी त्या रेघांचा तिरपेपणा बदलतो. मग तो ड्राइव्ह स्वतः लिहिलेलं स्वतः बरोबर वाचतो, पण दुसऱ्या ड्राइव्हला ते लागत नाही. डॉक्टरांचं अक्षर त्यांच्या कंपाउंडरलाच लागतं, तसं. आमचा ड्राइव्ह असा कधीतरी बिघडला असणार. तो जिवंत होता तोवर कोणाला पत्ता लागला नाही, आणि तो गेला तेव्हा त्याचं अक्षर लावणारं कोणी उरलं नाही. त्या सहा वर्षांत अधूनमधून एखादी टेप दुसऱ्या ठिकाणच्या यंत्रात घालून पाहिली असती, तर तासाभरात हे उघड झालं असतं.

पुतण्या टेपा पुण्याला घेऊन गेला. जुन्या यंत्रांचा नाद असलेल्या एका मित्राच्या मदतीने त्याने काय केलं ते मी त्याच्याकडून मुद्दाम लिहून घेतलं. आधी प्रत्येक टेपची कडेची खिट्टी सरकवून तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही अशी बंद केली. टेपा एक दिवस थंड, कोरड्या खोलीत नुसत्या ठेवल्या. ड्राइव्ह साफ केला आणि आधी एक बिनमहत्त्वाची टेप चालवून पाहिली, म्हणजे यंत्र टेप खात नाही ना ते कळतं. मग मित्राने ड्राइव्हचे खुंट हळूहळू सरकवत आमच्या टेपांचं अक्षर लागतं का पाहिलं. लागल्याबरोबर पहिलं काम म्हणजे जे वाचलं जाईल त्याची जशीच्या तशी प्रत डिस्कवर घेतली. पुढचं सगळं काम प्रतीवर, मूळ टेपला पुन्हा हात नाही.

पाचांपैकी ऑक्टोबर आणि डिसेंबर २००१ च्या टेपा पूर्ण निघाल्या. सप्टेंबरची अर्धवट. नोव्हेंबरची आत चुरगळलेली होती, तिच्यातून काही आलं नाही. जानेवारी २००२ ची मध्येच थांबली. फेब्रुवारीपासूनची टेपच नव्हती, कारण परीक्षांच्या गडबडीत मी टेप घरी आणायचंच सोडून दिलं होतं. तेही माझंच कर्म.

बरं, टेप वाचली म्हणजे संपलं का? नाही. आतल्या फायली फॉक्सप्रोच्या. त्या उघडल्या तर आकडे नीट, पण नावांच्या जागी नुसती चित्रविचित्र चिन्हं. आमची नावं जिस्ट कार्डावर लिहिलेली, म्हणजे इस्की नावाच्या सांकेतिक पद्धतीत. १९९१ साली ती भारतीय मानक झाली होती. आज सगळीकडे युनिकोड आहे. पुतण्याने त्या चिन्हांचं युनिकोडमध्ये रूपांतर केलं आणि मग माझ्या जुन्या सहकाऱ्यांची नावं एकेक करून पडद्यावर उमटली. त्यातले किती जण आता नाहीत! मी थोडा वेळ त्याला फोनवर काही बोलू शकले नाही.

डिसेंबरच्या टेपमध्ये मावशींचे दोन हप्ते होते. नोव्हेंबरचे अडीचशे, डिसेंबरचे अडीचशे. तारीख आणि पावती क्रमांकासह.

आता मला जे म्हणायचं आहे ते म्हणते. आपल्याकडे "ठेवणं" आणि "जपणं" यांत गल्लत होते. वस्तू कपाटात ठेवली, कुलूप लावलं, वहीत सही केली, की जपली असं आपण धरून चालतो. कागदाच्या बाबतीत एक वेळ ते चालतं, कारण कागद फाटला, वाळवी लागली तर डोळ्यांना दिसतं. टेपचं तसं नाही. चांगली टेप आणि मेलेली टेप बाहेरून सारखीच दिसते. म्हणून माझं मत असं की जी प्रत परत वाचून पाहिलेली नाही, तिला हिशेबात प्रत म्हणून धरूच नये. शेरा "बॅकअप घेतला" एवढाच नको. "घेतला, अमुक तारखेला दुसऱ्या यंत्रावर वाचला, जुळला" असा हवा. सही त्याच्यापुढे.

यात नवीन काही नाही. आम्ही मुलांना गुणाकार शिकवताना नऊचा ताळा शिकवायचो. २३ गुणिले १४ बरोबर ३२२. २३ मधले अंक मिळवले की ५, १४ चेही ५, पाच पाचे पंचवीस, म्हणजे २ अधिक ५, सात. उत्तर ३२२, त्यातले अंक मिळवले की सात. ताळा जुळला. संगणकवाले फायलीचा जो चेकसम काढतात तो या ताळ्याचाच मोठा भाऊ. टेपवर लिहिताना ताळा काढून वेगळा ठेवायचा, पाच वर्षांनी वाचताना पुन्हा काढायचा. दोन्ही जुळले तर मजकूर तोच. मात्र नऊच्या ताळ्याची एक खोड आम्ही मुलांना आवर्जून दाखवायचो. ३२२ ऐवजी कोणी २३२ लिहिलं तरी ताळा जुळतो! अंकांची अदलाबदल त्याला कळत नाही. संगणकाचे आजचे ताळे याबाबतीत फार कडक आहेत, एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी पकडतात. पण ताळा कितीही कडक असला तरी तो करणारा माणूस लागतो. आमच्याकडे ताळ्याची सोय होती. माणूस नव्हता.

आपणच असे निष्काळजी, असंही समजू नका. मोठमोठ्यांचं हेच झालंय. नातवाला आवडणारा टॉय स्टोरीचा दुसरा भाग तयार होत असताना १९९८ साली चुकीच्या आज्ञेने त्याच्या बऱ्याचशा फायली पुसल्या गेल्या, आणि बॅकअप बघितला तर तो नीट होतच नव्हता असं निघालं. बाळंतपणामुळे घरून काम करणाऱ्या एका बाईंच्या घरच्या संगणकावर प्रत होती, म्हणून चित्रपट वाचला. नासाने तर २००९ मध्ये कबूल केलं की माणूस चंद्रावर उतरला त्या वेळच्या चित्रीकरणाच्या मूळ टेपा बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. आपण गाण्याच्या कॅसेटवर दुसरी गाणी भरायचो ना, अगदी तसंच.

याच्या उलट उदाहरणंही आहेत. १९६६ आणि ६७ साली चंद्राभोवती पाठवलेल्या पाच लूनर ऑर्बिटर यानांच्या टेपा आणि त्या वाचणारी मोठी यंत्रं नॅन्सी इव्हान्स नावाच्या बाईंनी हट्टाने सांभाळली. यंत्रं तर वर्षानुवर्षं त्यांच्याकडे पडून होती. २००८ मध्ये त्यावरून चंद्राच्या क्षितिजावर दिसणाऱ्या पृथ्वीचं चित्र पुन्हा मिळवलं, आणि ते पूर्वी छापलेल्या चित्रापेक्षा कितीतरी स्पष्ट निघालं. टेपा जपायच्या तर यंत्रही जपायला हवं, हे त्या बाईंना उमगलं होतं.

आपल्या नारायणगावजवळच्या खोडदचंच बघा. तिथल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेनांनी २०१० ते २०१२ या काळात आकाशाची मोठी पाहणी केली. मूळ नोंदी सांभाळून ठेवल्या होत्या, आणि महत्त्वाचं म्हणजे त्या परत वाचता येत होत्या. म्हणून पुढे हिशेबाच्या नव्या पद्धती आल्यावर त्याच नोंदींवर पुन्हा काम झालं. २०१६ मध्ये आकाशाच्या जवळजवळ ९० टक्के भागाचा नकाशा प्रसिद्ध झाला, सहा लाखांहून जास्त रेडिओ स्रोतांसह. जुनी नोंद जिवंत असली की नव्या माणसाला तिच्यातून जास्त मिळतं, ते असं.

आता कोणी म्हणेल, काकू, टेपांचा जमाना गेला, सगळं क्लाउडवर असतं. तसं नाही हो. फेब्रुवारी २०११ मध्ये जीमेलवरच्या काही हजार लोकांची पत्रं एका बिघाडामुळे नाहीशी झाली होती, ती गूगलने कशावरून परत आणली? टेपवरून. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या माळ्यावरची पेटीच. तिचीही तपासणी कोणीतरी करावीच लागते.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. जुनी टेप वारंवार चालवली तर झिजते, तपासण्याच्या नादात आहे ते जायचं. शिवाय आपल्याकडचा मे महिना, पारा चाळिसाच्या वर, आणि नंतर चार महिने दमट हवा. चुंबकी भुकटी टेपला चिकटवून ठेवणारा जो लेप असतो तो काही टेपांमध्ये ओलावा शोषून चिकट होतो, आणि अशी टेप यंत्रात घातली की लेप हेडावर खरवडून निघतो. हे सगळं मान्य. म्हणून रोज वाचा असं मी म्हणत नाही. लिहिल्यावर एकदा, दुसऱ्या यंत्रावर. मग वर्षातून एकदा, सगळ्या नव्हे, दर जुडग्यातली एखादी. ती अडखळली तर मात्र थांबायचं, बाकीच्या जाणकाराच्या हाती द्यायच्या. आणि यंत्र जुनं व्हायच्या आत सगळं नव्या टेपवर उतरवून घ्यायचं. हल्ली मोठ्या कचेऱ्यांत एलटीओ नावाच्या टेपा वापरतात. २००० साली त्या आल्या. सातव्या पिढीपर्यंतचा ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्यांच्या टेपा वाचायचा, आठव्या पिढीचा फक्त मागच्या एकीच्या वाचतो. म्हणजे टेप तीस वर्षं टिकेल असं पाकिटावर लिहिलेलं असलं तरी ती वाचणारं यंत्र तोवर बाजारात मिळेलच असं नाही. आपल्याकडे मोडी लिपीचं जे झालं तेच. रुमाल शाबूत आहेत, वाचणारे शोधावे लागतात.

सहकारी संस्थांचं दरवर्षी लेखापरीक्षण होतं. बॅकअप घेता का, असा प्रश्न आम्हाला विचारला जायचा आणि आम्ही वही दाखवायचो. माझी सूचना अशी की हा प्रश्नच बदलावा. शेवटचा बॅकअप परत कधी उतरवून पाहिला? कोणी? कोणत्या यंत्रावर? कोणत्याही एका सभासदाचं खातं त्यातून छापून दाखवा. पाच मिनिटांचं काम आहे. एवढं केलं असतं तर आमच्या तीनशे सह्यांची लाज राखली गेली असती.

असो. मावशी आता मुलीकडे पैठणला असतात. मी छापलेला कागद घेऊन एसटीने गेले. पन्नास किलोमीटर काही लांब नाही, पण वीस वर्षं मला जायचा धीर झाला नव्हता. त्या खूप थकल्यात, नीट दिसत नाही. नातीने कागद वाचून दाखवला. नाव, तारीख, अडीचशे. नाव, तारीख, अडीचशे. मावशींनी पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, "अन् तिसरा?"

मी सांगितलं, तिसरा टेपमध्ये निघाला नाही.

"तिसरा पण भरला होता बाई."

"हो मावशी," मी म्हटलं, "भरला होता." आणि मला ते आता मनापासून पटलं होतं. ज्या बाईचे दोन खरे निघाले तिचा तिसरा खोटा कसा असेल? पण हे मी २००२ सालीच, टेप नसताना, त्या बैठकीत का म्हटलं नाही? कागद नव्हता हे खरं. तो आमच्या चुकीमुळे नव्हता हेही तितकंच खरं होतं, आणि भुर्दंड मात्र त्यांच्यावर पडला होता. नोंद सांभाळायची जबाबदारी ज्याची, नोंद हरवल्यावर शंकेचा फायदा त्याने स्वतःला घ्यायचा नसतो. हे मला उशिरा कळलं.

निघताना नाथांच्या वाड्यात जाऊन आले. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. ग्रंथ लिहून तेव्हा जवळजवळ तीनशे वर्षं झाली होती. पोथ्या घरोघरी होत्या, गंध-फुलं वाहून पूजाही होत होती. पण नकला करता करता पाठ बिघडत चालले होते. नाथांनी निरनिराळ्या पोथ्या मिळवल्या, ताडून पाहिल्या, चुकीचं काढलं, आणि पदरच्या ओव्या घालू नका असं बजावून ठेवलं. पूजा करणारे पुष्कळ होते. उघडून ताडून बघणारा एक निघाला, म्हणून आज आपल्या हातात ग्रंथ आहे. संगणकाला हळदकुंकू वाहणाऱ्या माझ्यासारखीला तिथे बसून दुसरं काय आठवणार?

परत आल्यावर मी पतसंस्थेला अर्ज दिला आहे. दोन हप्त्यांची नोंद पुराव्यासह करावी, आणि तिसऱ्यासाठी तेव्हाची सचिव म्हणून माझं लेखी निवेदन जोडलं आहे. हे लिहीपर्यंत उत्तर आलेलं नाही. आलं की इथे कळवीनच.

आणि आपल्या घरातल्या मंडळींना एक विनंती. दादांच्या कीर्तनाच्या कॅसेटी, धाकटीच्या लग्नाची व्हिडिओ टेप, नातवंडांच्या बारशाच्या सीड्या, आणि तो जुना हार्डडिस्कचा ठोकळा, हे ज्याच्या ज्याच्या कपाटात आहे त्याने येत्या खंडेनवमीला पूजेच्या आधी निदान एक तरी लावून बघावं. चालली तर प्रत काढून दुसऱ्याच्या घरी द्यावी. नाही चालली तर "रिकामी" असं लिहून माळ्यावर टाकू नये. मला कळवा. पुतण्याला विचारते.